मोगऱ्याचा ताण

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. नवरा वारल्यावर माझी थोरली बहीण, आमची अक्का, सोलापूरला आमच्याकडं राहायला आली आणि त्याच पावसाळ्यात तिनं मागच्या दारी मोगरा लावला.

दरवर्षी पौषात ती त्याचं पाणी तोडायची, मुळांवरची माती मोकळी करायची, पानं हातानं ओरबाडून काढायची. त्याला ताण देणं म्हणतात. माघ सरताना शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू केलं की चैत्रात झाड कळ्यांनी लगडायचं.

"मारतीस की काय गं त्याला?" मी एकदा विचारलं.

"गप रे. कचेरीतल्या फायलीतलं बघ तू."

गजरे ती साऱ्या गल्लीला करून द्यायची. स्वतः माळायची नाही. विधवेनं माळायचा नसतो, हे आमच्या घरात बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

एका चैत्रात हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेलो, तर माझी बायको अक्काच्या अंबाड्यात गजरा खोचत होती.

"वन्सं, मान हलवू नका की! लई लाजताय."

अक्का खरंच लाजत होती. तिचा तसा चेहरा तिच्या लग्नानंतर मी पहिल्यांदाच पाहिला. आणि म्हणालो, "अक्का, शोभतं का हे? बाहेर बायका बसल्यात."

"मीच घातला हो. त्या नको म्हणत होत्या," बायको म्हणाली. तोवर अक्कानं गजरा काढून ताटातल्या इतर गजऱ्यांत ठेवलाही होता. कुणीतरी तो माळून गेलं असेल.

पुढच्या पौषात तिनं नेहमीसारखा ताण दिला. माघ गेला, फाल्गुन लागला, तरी पाणी घालीना.

"मी घालायला गेले तर तांब्या धरला त्यांनी," बायको म्हणाली. "तुम्ही बोला की एकदा."

"ताण चाललाय. तिला कळतं त्यातलं."

हे खोटं होतं. मला केव्हाच उमगलं होतं. रोज आंघोळीची बादली मी त्या झाडाशेजारून न्यायचो. तांब्याभर ओतलं असतं, तर चुकलो म्हटल्यासारखं झालं असतं. तेवढंही माझ्यानं झालं नाही.

होळीनंतर एका सकाळी अक्का झाडापाशी बसून नखानं साल खरवडत होती. आत हिरवं दिसलं तर जीव असतो. तिनं एक फांदी खरवडली, मग दुसरी, मग पार बुडाशी. मी मागं उभा होतो. हात झटकून ती उठली.

"चहा घेतलास?"

"घेतला," म्हणालो. घेतला नव्हता.