पोतनीस बाईंविरुद्धची माझी तक्रार

दिनांक ३ जुलै १९६३, बुधवार, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास राजवाड्यामागच्या एका पुस्तकांच्या दुकानात मी उभा असताना, माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी दुसऱ्या एका गृहस्थांना माझ्यासमक्ष पुढील सल्ला दिला : "मुलीला तर्कशास्त्र घेऊ देऊ नका. त्या पोतनीस बाई मुलींना बापाला वेडावायला शिकवतात. त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार झालेली आहे."

या प्रकाराविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी येथे नोंदवून ठेवतो. त्या सल्ल्यातले दुसरे वाक्य माझे आहे. तिसऱ्या वाक्यातली लेखी तक्रारही माझीच आहे. ती मी ११ सप्टेंबर १९६१ रोजी दिली आणि २६ सप्टेंबर रोजी लेखी मागे घेतली. पंधरा दिवस जगलेली ही तक्रार दोन वर्षांनंतरही शहरात हिंडते आहे. ती मागे घेतल्याची बातमी मात्र कोणाच्याही घरी पोचलेली दिसत नाही. मी त्या गृहस्थांना तेथेच म्हणालो, "ती तक्रार मी मागे घेतली." ते म्हणाले, "अरे वा! कधी?" आणि उत्तराची वाट न पाहता दुकानदाराकडे वह्या मागू लागले.

तक्रार करणे हा माझ्या सवयीचा भाग आहे, हे या मासिकाच्या वाचकांना ठाऊक आहे. संस्थान जाऊन नवे राज्य झाले तेव्हा आम्हा सरकारी नोकरांच्या, राजधानी भोपाळहून आलेल्या ज्येष्ठतेच्या यादीत माझ्या खालची सात माणसे माझ्या वर गेली. त्याविरुद्ध मी अकरा अर्ज केले. अकरांच्याही पोचपावत्या माझ्यापाशी आहेत आणि उत्तर एकाचेही नाही. आयुष्यात केलेल्या सर्व तक्रारींपैकी तत्काळ परिणाम झाला तो फक्त एकीचा, आणि नेमकी तीच चुकीची होती. ती फसली याचे मला आजही हायसे वाटते. ते का, हे सांगायचे तर आधी पोतनीस बाईंविषयी सांगितले पाहिजे.

कुमुदिनी पोतनीस यांचे वडील दत्तोपंत संस्थानच्या कचेरीत कागदांच्या प्रती तयार करणारे कारकून होते. प्रत तयार झाली की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून तेच शब्द परत म्हणायचे, अशी तपासणीची रीत होती. दत्तोपंतांची दृष्टी लवकर अधू झाली. तेव्हापासून ते काही कागद घरी आणीत, मूळ कागद पत्नी भानुमतीबाई वाचीत, आणि दहा वर्षांची कुमुदिनी प्रतीवरून परत म्हणे. तिने एखादा शब्द गाळला की दत्तोपंत म्हणत, "बाळ, नीट म्हण. कुणाचा तरी हक्क नेमका त्या शब्दात असेल."

वडील गेल्यावर कुमुदिनीबाई मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या, आणि शिकवता शिकवताच बाहेरून परीक्षा देत तत्त्वज्ञानाच्या एम.ए. झाल्या. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १ ऑक्टोबर १९५९ रोजी, एका खासगी महाविद्यालयात तर्कशास्त्राच्या अध्यापिका म्हणून त्यांची दोन वर्षांच्या प्रोबेशनवर नेमणूक झाली. अन्नपूर्णेच्या देवळापलीकडे, जिथे तेव्हा घरांपेक्षा शेते जास्त होती, तिथून त्या सायकलवरून येत. हँडलला खडूंचा डबा अडकवलेला असे. घरी म्हाताऱ्या भानुमतीबाई, आणि दोघींचा आधार ही एक नोकरी.

पुस्तक इंग्रजी, विद्यार्थी हिंदी किंवा माळवी बोलणारे, आणि बाई मराठी. या गोंधळातून त्यांनी आपला एक नियम काढला होता. वर्गात कोणालाही विरोध करायचा असेल तर आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडाने असे मांडायचे, की तो "हो, हेच" म्हणेल. तोवर "पण" हा शब्द उच्चारायचा नाही. आपले जुने शास्त्री वादात आधी पूर्वपक्ष मांडत. बाई प्रथम वर्षाच्या मुलांकडून तेच करून घेत होत्या. माझी मुलगी सुमेधा १९६१च्या जुलैत त्या वर्गात दाखल झाली.

रविवार, १० सप्टेंबर १९६१. माझे मेहुणे नानासाहेब जेवायला आले होते. महाविद्यालयाची सहल पुढच्या रविवारी मांडूला जाणार होती. सुमेधाने विचारले आणि मी नाही म्हणालो. ती चिडली नाही. वाटी बाजूला ठेवून शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचं म्हणणं असं ना, की घाटाचा रस्ता पावसाळ्यात निसरडा असतो, बरोबर जाणाऱ्या प्रोफेसरांपैकी तुम्ही कोणालाच ओळखत नाही, परतताना अंधार होणार, आणि म्हणून मी जाऊ नये. बरोबर सांगितलं का मी?"

नानासाहेबांना हसू आवरेना. "वा गजाननराव! पोरीनं तर तुम्हालाच तुमचा पाठ म्हणून दाखवला. आता पुढचा अर्ज भोपाळला हिलाच लिहू द्या. उत्तर तरी येईल!"

माझे वडील महाराजांच्या हुजूर कचेरीत होते. वरिष्ठाचे शब्द त्याच्या तोंडावर परत म्हणणे यापरती बेअदबी तिथे नव्हती, आणि आमच्या घराचे वळण त्या कचेरीतून आलेले. मला जे ऐकू आले ते वेडावणे होते. मी विचारले, "हे कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "पोतनीस बाईंनी." तिच्या आवाजात अभिमान होता. तो मला अधिक लागला.

दुसऱ्या दिवशी मी तीन पानांची, पाच कलमांची तक्रार लिहिली आणि स्वतः नेऊन जयसिंगरावांच्या हाती दिली. ते महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर होते आणि आमच्या दोन्ही घरांचा परिचय संस्थानच्या काळापासूनचा. त्याच आठवड्यात गणपती बसले. ज्या ज्या घरी मी दर्शनाला गेलो, त्या त्या घरी आरतीनंतर माझे वाक्य ठेवून आलो : त्या बाई मुलींना बापाला वेडावायला शिकवतात. लोकांनी ते प्रसादासारखे हातोहात घेतले.

२४ तारखेला सुमेधा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, बाईंचं प्रोबेशन तीस तारखेला संपतं. तक्रार सिद्ध झाली तर त्यांना कायम करणार नाहीत, घरी बसवणार. हे तुम्हाला हवंय का? मी वाद घालत नाही, फक्त विचारते."

मला हे ठाऊक नव्हते. "अर्ज दिला तो दिला," मी म्हणालो. ती रात्र आणि पुढचा दिवस मी कसा काढला ते लिहीत नाही. अकरा अर्जांच्या वेळी भोपाळने लक्ष द्यावे म्हणून तळमळलो होतो. या वेळी कोणी लक्ष देऊ नये असे वाटत होते, आणि तसे म्हणण्याचे धैर्य मात्र नव्हते.

मंगळवार, २६ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजता चौकशीसाठी आम्ही प्राचार्यांच्या खोलीत बसलो : प्राचार्य, जयसिंगराव, बाई आणि मी. जयसिंगरावांनी चष्मा लावून माझा अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला.

"बोला बाई. काय बचाव आहे?"

"आधी गजाननरावांचं म्हणणं मला समजलंय का, ते बघू द्या," बाई म्हणाल्या. "चुकलं तर त्यांनी तिथंच थांबवावं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं म्हणणं असं, की वाढत्या वयाच्या मुलीबद्दलचा निर्णय घरानं घ्यावा, कारण काही चुकलं तर निस्तरावं घरालाच लागतं. हेच ना?"

"हो."

"वडिलांचा शब्द एकदा पाहुण्यांसमोर हलका झाला, की पुढे जिथे तो खरोखर लागेल तिथेही त्याला वजन राहत नाही."

"हो."

"आणि कॉलेजनं विषय शिकवावा. घरात कसं बोलावं, हे शिकवण्याचं काम पालकांनी कॉलेजकडे दिलेलं नाही."

"हो, हेच!" मी म्हणालो, आणि खुर्चीत पुढे सरकलो. माझ्या पाच कलमांत जे मला जमले नव्हते ते तीन वाक्यांत माझ्यासमोर होते. इतक्या वर्षांत एकाही अधिकाऱ्याने माझे म्हणणे मला परत सांगून, "हेच ना?" असे विचारले नव्हते.

"आता एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "एवढ्यावरून माझा दोष निघत नाही. मधलं एक विधान लागतं, ते अर्जात राहिलंय. 'जो दुसऱ्याचे शब्द त्याला परत म्हणून दाखवतो, तो त्याचा अपमान करतो.' हे घालू का?"

"घाला. उघड आहे, म्हणून लिहिलं नव्हतं."

"उघड कसलं?" जयसिंगरावांनी चष्मा काढला. "अहो, माझे आजोबा याच संस्थानच्या रिसाल्यात होते. हुकूम मिळाला की स्वारानं तो शब्दन् शब्द परत म्हणायचा. म्हटल्याशिवाय घोडा हलवायचा नाही. जो म्हणायचा नाही त्याला शिक्षा!"

"हुजूर कचेरीत जो म्हणायचा, त्याला घरी बसवत असत," मी म्हणालो.

"म्हणजे सरकार एकच, आणि तुमच्या दालनात जी बेअदबी ती आमच्या पागेत शिस्त? कमाल आहे!" ते माझ्याकडे वाकले. "बरं, ते जाऊ द्या. आत्ता बाई तुमचंच तुम्हाला ऐकवत होत्या. झाला अपमान?"

बाईंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. त्यांची नोकरी माझ्या एका शब्दावर टांगलेली होती, आणि "हो" म्हणणे मला अवघड नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "उलट..."

"उलट काय?"

"उलट बरं वाटलं."

जयसिंगराव खोकला लागेपर्यंत हसले. "प्रिन्सिपॉलसाहेब, तो कायम करण्याचा कागद आणा इकडे. आणि गजाननरावांना एक कोरा द्या. ते स्वतःच लिहितील, त्यांचा हात चांगला आहे." मी चार ओळींत तक्रार मागे घेतली. त्याहून लहान अर्ज मी आयुष्यात लिहिलेला नाही, आणि सही करताना जणू कोणी खांद्यांवरचे ओझे उतरवून घेतले.

खाली उतरताना बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या दिसल्या. मी क्षमा मागण्यासाठी वाक्य जुळवत होतो. बाईच आधी म्हणाल्या, "आईला काय सांगायचं, याची दोन उत्तरं तयार करून निघाले होते. त्यातलं एक आता लागणार नाही." मग डोळ्यांना पदर लावून त्या हसल्या. "गजाननराव, नाव झाकून तुमचा अर्ज वर्गात वापरू का? चुकीचं अनुमान इतक्या शिस्तीत लिहिलेलं मला दुसरं मिळणार नाही."

मी परवानगी दिली. पावसामुळे लांबलेली सहल ऑक्टोबरात गेली आणि सुमेधाही गेली. परतायला तिला अंधार झालाच. माझे तेवढे म्हणणे खरे ठरले, हे मी नमूद करतो.

पुढच्या वर्षी जुलैत बाईंनी मला निरोप पाठवला आणि मी त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. मी कोण हे मुलांना ठाऊक नव्हते. देपालपूरकडचा रघुवीर नावाचा मुलगा कुरकुरला, "मैडम जी, सामने वाले की बात हम काहे को बोलें? उसको मुंडा नी है क्या?"

"त्याला तोंड आहे, रघुवीर भिया," बाई म्हणाल्या. "तुला कान हैं क्या, वो देखना है. चलो."

त्याने माझी कलमे एकामागून एक मांडली, आणि मग थांबला. "मैडम जी, इसमें एक बात लिखी नी है. ये आदमी गुस्से में नी है. ये तो डर रिया है. छोरी घाट पे जा री है ना."

"अर्जात कुठे लिहिलंय तसं?"

"लिख्या नी है. पर उसके बिना बात बनती नी."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. शेवटच्या बाकावरून मी म्हणालो, "हो. हेच." सगळा वर्ग वळून बघू लागला आणि मी छत्री शोधण्याच्या निमित्ताने खाली वाकलो.

आज बाई कायम आहेत. भानुमतीबाईंच्या उशाशी औषध आहे, सायकल जुनीच आहे, वर्गात एकतीस विद्यार्थी आहेत. त्यांची जागा आता माझ्यासारखा कोणी हलवू शकणार नाही, आणि या एका पराभवाबद्दल मी समाधानी आहे. हानी होते आहे ती त्या दुकानात ज्यांना सल्ला मिळाला, त्यांच्या मुलीची.

या मासिकाचे वाचक थोडे आहेत, आणि त्या गणेशोत्सवात ज्यांच्या घरी मी गेलो ते बहुतेक त्यांतच आहेत. तुम्ही माझे वाक्य पुढे नेलेत, म्हणून मागणी तुमच्याकडे आहे. प्रथम वर्षाचे प्रवेश ३१ जुलै रोजी बंद होतात. त्यापूर्वी, ज्या ज्या घरी तुम्ही हे वाक्य सांगितले असेल, त्या त्या घरी स्वतः जा. पत्र चालणार नाही. तिथे आधी माझे वाक्य जसेच्या तसे परत म्हणा, आणि मग सांगा, की ते ज्याचे होते त्याने ते चुकीचे ठरवून २६ सप्टेंबर १९६१ रोजी मागे घेतले आहे.