मोबाईल दिसला आणि डोळे मिटले

दुपारपासून डोकं जागेवर नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी घाटकोपरच्या एका शाळेत तिसरीला शिकवते. यंदा आम्हाला प्रत्येक विषयातून मुलांचा आध्यात्मिक विकास करायचाय. म्हणजे काय, तर दर तासाला पोरांनी मिनिटभर डोळे मिटून बसायचं आणि मी फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकायचा.

आज गणिताच्या तासाला खिडकीच्या ग्रिलमध्ये घरटं केलेली कबुतरीण बाजूला सरकली आणि तडकलेल्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला लागलं. अख्खा वर्ग खिडकीशी जमला. कोणी ढकलाढकली केली नाही, मला ‘गप्प बसा’ म्हणावंसुद्धा लागलं नाही. स्वरा हळूच म्हणाली, “बाई, ते आतून एकटंच करतंय ना सगळं?”

वाटलं, फोटो काढायचा तर हा. मी मोबाईल काढला.

तो दिसताच सगळी पोरं पटापट जागेवर जाऊन बसली. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे घट्ट मिटलेले.

“अरे, उघडा डोळे, तिकडे बघा,” मी दोनदा म्हटलं. एकानेही उघडले नाहीत. फोटो होईपर्यंत कोणी काहीही बोललं तरी उघडायचे नाहीत, हे मीच शिकवलंय.

शेवटी काढला फोटो. तोवर पिल्लू पूर्ण बाहेर आलं होतं. स्वराने विचारलं, “बाई, मी हलले नाही ना?”

ग्रुपवर ‘छान एकाग्रता’ असं उत्तर आलंय. मुलांना शिकवलेलं परत काढून घेणं कोणाला जमलंय का? मला नाही वाटत आता जमेल.