गिरणीला न दबणारी गाणी

सांगलीजवळच्या आष्ट्यात गिरणकाकूंना नावानं कुणी ओळखत नसे. डोक्याला पांढरा रुमाल, भुवयांवर पीठ आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर कुणीतरी जीव तोडून ओरडतोय, अशा थाटात त्या ज्वारी दळायच्या. मी शाळामास्तर. त्यांच्याच गिरणीच्या वरच्या खोलीत सहा वर्षं भाड्यानं राहिलो. आज मला जे ऐकू येतं, ते त्यातून उरलेल्या कानांनी.

ह्या ओरडण्याच्या संगीताचा, म्हणजे मेटलचा नाद त्यांना लष्करातल्या मुलानं लावला. त्याची बदली शिलाँगला होती. तिथल्या पोरांची गाणी तो पेनड्राइव्हवर भरून घेऊन आला. काकूंना शब्द कळत नसत, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. "सर, भावगीत लावलं की दळणात बुडतंय. ही पोरं गिरणीला दबत न्हाईत."

एकदा मी शहाणपणा करून एका जगप्रसिद्ध बँडचं गाणं लावून दिलं. काकूंनी विचारलं, "ह्यास्नी किती लोक आयकत्यात?" म्हटलं, कोट्यवधी.

"मग त्येंचं बरं चाललंय की. ज्येला कोन न्हाई, त्यो लावा."

झालं. तेव्हापासून वह्या तपासून झाल्या की मी मोबाइलवर शे-दीडशे लोकांनीच ऐकलेली गाणी हुडकायला बसे. कुणी फिनलंडच्या खेड्यातले, कुणी मणिपूरचे, चिलीतल्या तर तीन बहिणीच. त्यांच्याबद्दल काकू म्हणाल्या, "थोरली लय रागीट दिसती. पन खोटं वरडत न्हाई." खोटं ओरडणं त्यांना अचूक कळायचं. मला ते अजून जमलेलं नाही. काकू जाऊन दोन वर्षं झाली, तरी नवं गाणं लावलं की त्या शेजारी हव्या होत्या असं वाटतं, आणि फार वाटतं.

असंच हुडकताना सांगलीतलीच चार पोरं सापडली. हळदीच्या गोदामात तालीम करायची आणि चक्क मराठीत गायची. महिन्याभरात त्यांचं गाणं ऐंशी वेळा ऐकलं गेलं, त्यात निम्म्या वेळा काकूंनीच. त्यांनी मला फोन लावायला लावला. ड्रम वाजवणारा म्हणाला, "सर, बँड बंद करतोय आम्ही. कार्यक्रमाला माणूसच येत नाही. ड्रमला गिऱ्हाईक बघितलंय."

काकूंनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "इकू नगंस एवढ्यात. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी समद्यास्नी घिऊन ये. मानसं मी दिते."

तो सोमवार चकलीच्या भाजणीचा. अख्खी गल्ली गिरणीत लोटलेली, डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. पोरांनी अंगणात सगळं मांडलं, आणि काकूंनी गिरणी बंद केली. "तीन गाणी हुतील. मग दळण."

नंबर सोडून जाणार कोण? पंचवीस-तीस बायका डब्यापाशीच बसल्या. पहिल्या गाण्याला सगळ्यांनी पदर कानात कोंबले. "पोट दुखतंय का गं त्या पोराचं?" एकीनं विचारलं. दुसऱ्या गाण्याला पदर निघाले. तिसरं गाणं दुष्काळी माण तालुक्यातून मुंबईला हमालीला गेलेल्या बापाचं होतं. गाणारा नेहमीसारखाच ओरडत होता, पण "बा, कवा येनार" एवढं प्रत्येकीला समजलं. कुणाचा नवरा मुंबईत, कुणाचा मुलगा सरहद्दीवर. गाणं संपलं.

दिल्या शब्दाप्रमाणे काकू गिरणी सुरू करायला उठल्या. रांगेत पहिला डबा होता गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजींचा.

"आवं, थांबा," आजी म्हणाल्या. "माझा नंबर पैला हाय न्हवं? मग मी म्हनते, ऱ्हाऊ द्या भाजणी. त्येवढं बापाचं परत म्हना."

ड्रमवाल्यानं तोंड फिरवून बाहीला डोळे पुसले आणि पुन्हा काठ्या उचलल्या. ते गाणं त्या दिवशी आणखी दोनदा झालं. मग तिथंच, गव्हाच्या पोत्यावर बसून, त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला.

"ड्रम देत न्हाई, काका. लागतोय."