चांगला निगेटिव्ह

शालन बाळांना आंघोळ घालते. डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत तिच्या हातची पोरं आता शाळेत जातात, आणि रस्त्यात दिसली की ही बाई त्यांच्या आयांना थांबवून सांगते, "ह्याचं डोकं मीच गोल केलंय बरं का!" तोंडाची फटकळ, पण हात असा की किंचाळणारं पोरही तिच्या पायांवर आडवं झालं की गप्प होतं.

राहते जवळच, दिवा स्टेशनालगतच्या चाळीत, एकटी. नवरा गेल्यावर ह्याच कामावर तिनं दर्शनाला वाढवलं, शिकवलं, कल्याणला धम्मपालच्या घरी दिलं. आता दर्शनाला आठवा महिना सरत आलेला. लेकीचं बाळंतपण आपल्याच हातून व्हायचं, नातवंडाला पहिलं पाणी आपणच घालायचं, हे शालननं केव्हाच ठरवून टाकलेलं.

अडलं ते करोनाच्या लशीवर.

"अगं, मीसुद्धा पोटुशी असून एक डोस घेतला. तू का नाही घेत?" दर्शना फोनवर कावायची.

"मला कशाला? मला होऊन गेलाय."

मागच्या पावसाळ्यात तिला ताप आलेला. अंग ठणकत होतं, तोंडाची चव गेलेली. कुणाला कळलं तर उचलून नेतील, चाळीच्या तोंडाशी बांबू ठोकतील, ह्या धास्तीनं तिनं दार लावून घेतलं आणि दुखणं अंगावर काढलं. तपासणी नाही, डॉक्टर नाही. बरी झाली, आणि तेव्हापासून बाईंचा तोरा काय विचारता! गोवर-कांजिण्या एकदा येऊन गेल्या की परत फिरकत नाहीत, मग हा काय मोठा लागून गेला? मास्क कायम हनुवटीवर. शिवाय लस घेऊन ताप आला आणि कामं सुटली तर? त्यापेक्षा नकोच.

धम्मपाल शांत माणूस. सासूशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, हे त्याला ठाऊक. त्यानं मधला रस्ता काढला. "आई, होऊन गेलाय म्हणता ना? मग रक्त तपासून घ्या. आजाराशी लढायची ताकद अंगात तयार झालीय का, ते त्यात दिसतं."

"घ्या की! मी काय घाबरते?"

दिव्यातल्या लॅबमध्ये रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या मुलीचा फोन. "आजी, तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे." एरवी आजी म्हटल्याबद्दल शालननं तिला चांगलंच झापलं असतं. पण निगेटिव्ह!

आता तुम्हीच सांगा, त्या दिवसांत ह्याच्याइतका गोड शब्द दुसरा कुठला होता? तो कानावर पडावा म्हणून माणसं दवाखान्याच्या दारात ताटकळत बसायची. शालननं पेढे आणले, चाळीत वाटले. डोंबिवलीला संचिताच्या बाळाला न्हाऊ घालायला गेली, तर बाहेरच्या खोलीत संचिताची सासू खोकत बसलेली. दुसरी कुणी दारातून परतली असती. शालन तिच्या शेजारी बसून चहा प्यायली. "मला काही होत नाही ओ, मी निगेटिव्ह आहे!" पुढेही रोज जात राहिली.

रविवारी उरलेले पेढे घेऊन, रिक्षा बदलत बदलत कल्याण गाठलं. लेकीच्या तोंडात आपल्या हातानं पेढा घातला. तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. तेवढ्यात धम्मपाल बाहेरून आला.

"रिपोर्ट आला का हो आई?"

"आला ना. निगेटिव्ह! घ्या, तोंड गोड करा."

धम्मपालनं पेढा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. "आई, ही तपासणी वेगळी असते. आजार आहे का, ते नाही बघत. ताकद आहे का, ते बघतात. ह्यात पॉझिटिव्ह यायला पाहिजे होता."

"म्हणजे?"

"म्हणजे मागचा ताप कदाचित साधाच असेल. किंवा तोच असेल, पण तेव्हा आलेली ताकद आता उतरली असेल. ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण तुम्ही जो भरवसा धरून बसलात, तो धरता येत नाही."

शालनचे हात लेकीच्या पायावरच थांबले. तो खोकला तिला आठवला. तिनं उठून थेट संचिताला फोन लावला.

"मावशी, मी तुम्हालाच करणार होते. सासूबाई पॉझिटिव्ह आल्या."

शालननं फोन ठेवला, पदर तोंडावर घेतला आणि दाराकडे मागे मागे सरकत गेली. दर्शना म्हणाली, "अगं, पाणी तरी पी." पण ती चपला हातात घेऊनच जिना उतरली.

मग दिव्याच्या त्या खोलीत बाईनं काय भोगलं, ते तिचं तिलाच माहीत. माझ्या हातानं भरवलं, माझ्या हातानं! एवढं एकच डोक्यात. पुढे तिला ताप चढला, नाकातला स्वॅब पॉझिटिव्ह आला, त्याचं तिला काहीच वाटलं नाही. आपलं काय व्हायचं ते होवो. कान फक्त फोनकडे. तो वाजला तरी भीती, नाही वाजला तर त्याहून जास्त.

एका पहाटे वाजला. धम्मपाल. "आई, दर्शनाच्या पोटात कळा यायला लागल्या, दिवस भरायच्या आधीच. दवाखान्यात आणलंय. आधी तिची तपासणी केली. निगेटिव्ह आहे."

शालननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई? ऐकताय ना?"

"जावईबापू," ती म्हणाली, "नीट सांगा मला. हा चांगला निगेटिव्ह की वाईट?"

"चांगला, आई. चांगला!"

तेव्हा कुठे ती रडली, आणि तिचा हुंदका ऐकून तिकडे तोही रडला.

मुलगी झाली. लहानशी, पण तब्येतीनं ठीक. घरी आणल्यावर पहिली आंघोळ कोण घालणार? पॉझिटिव्ह बाईच्या लेकीकडे यायला कुणी तयार होईना. शेवटी धम्मपालच पाय पसरून पाटावर बसला आणि दर्शनानं व्हिडिओ कॉल लावला. इकडून शालन सांगू लागली, "मानेखाली हात... घाबरू नका, तुटत नाही ती... पाणी कोपरावर बघा आधी." बोलता बोलता तिचे हात रिकाम्या हवेत तसेच फिरत होते.

न्हाऊन झालेलं, लालबुंद पोर दर्शनानं अगदी फोनजवळ आणलं. "बघ गं आई, कुणासारखी दिसते?"

शालननं पटकन पदर तोंडावर ओढला आणि मान वळवली.

"अगं आई! फोनमधून जातं का कधी?"

"मला काय ठाऊक?" पदराआडून ती म्हणाली. "लांब धर तिला. मला दिसतेय."