मी न पाठवलेला शेरा

हे मी अम्मीलाही सांगितलेलं नाही. जिला मी दिवसातून चाळीस मेसेज करते, आज वरणात मीठ जास्त झालं हेसुद्धा कळवते, त्या मैत्रिणीलाही नाही. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. आज पुसायचं नाही असं ठरवून बसलेय — बघू.

थांबा, आधी मावशी सांगते. मावशी कळल्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही.

मी नायगावची, रुखसाना. दहावीला मार्क लई चांगले पडले आणि अब्बूंनी मला लातूरला क्लासला टाकलं. तिथं क्लासच्या गल्लीत शिवकांतामावशीच्या दोन खोल्या — आम्ही आठ पोरी, आणि वर तिची मेस. मावशी लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन दारापाशीच बसले. कुणी काही म्हणलं नव्हतं, मलाच वाटलं तसं बसावं. मावशी आतूनच ओरडली, "तिकडं काय पाव्हणीवानी बसलीस गं? आत ये, पोळ्या लाट." मी लाटलेली पहिली पोळी उचलून तिनं सगळ्यांना दाखवली. "बघा, गाढवाचा कान लाटलाय पोरीनं!" झालं. त्या दिवसापासून मी तिची रुखी.

दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लं मी. ताप आला तर रात्रभर — नको, ते सगळं सांगत बसले तर मी परत पुसून टाकीन.

सोमवारी मात्र मावशी सकाळी नसायची. पहिल्या एसटीनं गावाला जायची, दुपारी परत. का जाते ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. भूकंपात तिची पोर गेली होती — संगू, चार वर्षांची. जुन्या गावाच्या शिवारात, आपल्याच शेताच्या बांधाला मावशीनं आणि तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी तिला माती दिली. पुढं गावाचं पुनर्वसन झालं, नवी घरं रोडच्या अलीकडं आली, नवराही वारला. संगू तिकडंच राहिली. सोमवारी मावशी तिथं बेल वाहायची, गवत उपटायची, थोडं बोलायची आणि यायची. मला म्हणाली होती, "तुमच्यातबी मातीच देत्यात की. तुला कळंल." कळलंच. उलट मला तिचा हेवा वाटला. आमच्याकडं बायका कब्रस्तानात जात नाहीत. माझी नानी कुठं आहे ते मी भिंतीबाहेरूनच बघितलंय.

मला डॉक्टरकी काही मिळाली नाही, सिव्हिल मिळालं. मावशी मेस बंद करून गावाला राहायला गेली. आणि योग बघा — पहिली नोकरी लागली ती तिच्याच गावावरून जाणाऱ्या महामार्गाच्या कामावर! ठेकेदाराकडं नाही, त्याचं काम तपासणाऱ्या सल्लागाराकडं. फोनवर मावशी इतकी हसली ना. मग म्हणाली, "रुखी, रोड उंच होणार म्हणत्यात. मला पलीकडं जायला खालून वाट ठेवशील का गं?" मी म्हणलं, मावशी, ती कागदावर आहेच की! आणि ती होती. खरंच होती.

आता नियम सांगते, दोन मिनिटं ऐका. आधी सरकार नकाशा काढून द्यायचं आणि ठेकेदार तसं बांधायचा. या नव्या पद्धतीच्या कामात डिझाइनही ठेकेदाराचं आणि बांधकामही त्याचंच. सरकार फक्त काय काय पाहिजे ते सांगतं. ठेकेदारानं नकाशा पाठवला की आम्ही पंधरा दिवसांत शेरा द्यायचा. नाही दिला, तर हरकत नाही असं धरून तो कामाला लागू शकतो. म्हणजे आमचं गप्प राहणं हीसुद्धा एक सहीच. पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं मला हे.

नकाशे आधी माझ्याकडं यायचे. मी वाचायचं, टिपण काढायचं आणि साहेबांना पाठवायचं. साहेब रिटायर्ड इंजिनीअर, भला माणूस. ते माझ्या टिपणावर विसंबून राहायचे.

त्या गावाचा नकाशा आला. आणि वस्तीसमोरची वाट तिथं नव्हती. दीड किलोमीटर पुढं नाल्यावर मोरी करायचीच होती, तीच जरा रुंद दाखवून तिलाच 'पादचारी मार्ग' असं नाव दिलं होतं. पाणीही तिथूनच, माणसंही तिथूनच. टेंडरच्या कागदात 'जागेनुसार ठिकाण बदलता येईल' अशी एक ओळ होती, तिचा आधार घेतला होता.

मला एका मिनिटात दिसलं. मला दिसलं नाही असं मी कुणाला म्हणूच शकत नाही. मी टिपणही लिहिलं — चार ओळी, चांगल्या लिहिल्या होत्या. 'ठिकाण बदलणे मान्य नाही, वस्तीतील लोकांची शेती व स्मशानभूमी पलीकडे आहे.'

आणि पाठवलं नाही.

का? महिनाभर आधी एका पुलाच्या नकाशावर मी शेरा टाकला होता आणि तो चुकीचा निघाला. मीटिंगमध्ये ठेकेदाराचा डिझाइनवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, हे क्लासमध्ये शिकवलं नव्हतं वाटतं?" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन उशीत तोंड घालून रडले. बस, एवढंच. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. मला परत हसतील, एवढीच भीती. आज नको, उद्या नीट तपासून पाठवू — असं करत करत दहा दिवस गेले. बाराव्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांनी सरळ विचारलं, "रुखसाना, त्या वस्तीच्या नकाशात काही?" मी म्हणलं, "नाही सर." तो डिझाइनवाला समोरच बसला होता, बिस्कीट खात. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सोळाव्या दिवशी मशीन आली.

भराव चढत गेला तसा मावशीचा फोन आला. "का गं रुखी, वाट कुठं गेली?" आणि मी — किती पटकन आलं ते तोंडातून! — म्हणलं, "मावशी, वरूनच रद्द झालं, मुंबईवरून. मी लई भांडले गं." ती मग म्हणाली, "जाऊ दे. माझ्यापायी नोकरी घालवून बसू नको."

तिनं ते गावभर सांगितलं. पुढं मी तिथं गेले की लोक खुर्ची टाकायचे, चहा आणायचे. आमच्यासाठी साहेबाशी भांडलेली पोर! मी प्यायले तो चहा. दर वेळी प्यायले.

मावशीचे गुडघे गेलेले होते. पोरं लोखंडी कठडा ओलांडून भराव चढून जायची, ते हिला कसं जमणार? आधी काही सोमवार ती मोरीतून गेली. दीड जायचं, पलीकडून दीड मागं यायचं, आणि परत तेवढंच. पाऊस लागल्यावर मोरीत पाणी आलं, शेवाळ आलं, एकदा पडली. मग ती गच्चीवर खुर्ची टाकून बसायला लागली. तिथून रोड दिसायचा. रोडच्या पलीकडचं काही दिसायचं नाही.

एकदा म्हणाली, "तू गाडीनं जातीस ना त्या अंगानं? संगूकडं जरा थांबून ये. गवत लई झालं असंल." मी हाव म्हणलं. पुढच्या खेपेला तिनं विचारलं, "गेलतीस?" मी परत हाव म्हणलं. "गवत?" "काढलं मावशी." केवढी खूश झाली! माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी गेले नव्हते. पाच मिनिटांचं काम होतं, गाडी होती, तिथवर पाय उचलला नाही माझा. नंतरही तिनं चार-पाचदा विचारलं. दर वेळी मी गवत काढलं होतं.

मावशी श्रावणात गेली. संगूशेजारीच ठेवा म्हणून सांगून गेली होती. त्यांच्यात बसवून नेतात — बांबूचं विमान करतात, वर साड्यांची कमान बांधतात, भस्म लावून, बसवून. आम्ही दीड किलोमीटर चालत मोरीपाशी आलो. कमान आत जाईना. चौघांनी विमान खाली धरलं, दोघांनी कमानीच्या दोऱ्या सोडल्या, साड्या काढून बायकांच्या हातात दिल्या. पिंडरीभर पाणी होतं. मावशीची मान एका बाजूला कलली, तिच्या पुतण्यानं हातानं धरली ती, पार पलीकडं निघेपर्यंत. माझ्या हातात हिरवी साडी आली होती. ती मी वर धरली, भिजू नये म्हणून.

बांधावर कमरेइतकं गवत होतं. संगूची जागा कुणाला सापडेना. तिघं-चौघं विळे घेऊन बराच वेळ कापत राहिले, तेव्हा दगड दिसला. पुतण्या म्हणाला, "आत्या तर म्हणत होती गवत काढलेलं हाय." म्हातारी माणसं भलतंच बोलतात, असं सगळ्यांनी धरलं असावं.

माती देऊन झाल्यावर गावातले एक आजोबा माझ्यापाशी आले. मी रडत होते ना, म्हणून. म्हणाले, "रडू नको माय. तू लई केलंस आमच्यासाठी. वरूनच रद्द झालं, तू तरी काय करणार?"

मी हाव म्हणलं.