आपला लिंब आणि पाऊस मोजणारे गृहस्थ

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, झोक्याचा लिंब अजून आहे का. त्याचं उत्तर एका गृहस्थांबद्दल सांगितल्याशिवाय देता येत नाही. पुढच्या महिन्यात त्यांची बदली होते आहे, म्हणून आजच लिहिते.

आपल्या मळ्यात हवामानाची नोंद ठेवणारं यंत्र आहे. त्यातल्या नोंदी उतरवून घ्यायला ते नगरहून मोटारसायकलवर येतात. हेल्मेट काढायच्या आधी आभाळाकडे बघतात. पर्जन्यमापकात अडकलेला पाला काढताना त्याला विचारतात, "काय रे, उपाशीच का?"

गेल्या उन्हाळ्यात म्हणाले, "आजी, यंत्राशेजारचा लिंब लई वाढला. पावसाला आडवा येतोय. साहेब तोडा म्हनतील."

"तोडलात तर चहा बंद," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. झाडाकडे, मग मोकळ्या रानाकडे बघत राहिले. "मग यंत्रच हलवू. पन एकदम न्हाई. जुन्या-नव्याचा मेळ बसला पायजे."

त्यांनी दुसरं मापक मोकळ्या रानात बसवलं आणि सबंध पावसाळा दोन्ही चालू ठेवली. दोन्हींतला फरक कळला, तरच मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी उपयोगी राहणार होत्या. त्यासाठी महिन्याची फेरी त्यांनी दर आठवड्याची केली. चिखल झाला की गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून चालत यायचे.

मी आभार मानले, तर म्हणाले, "त्यात काय आजी, चहा चालू राहिला की."

जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसला. जुनं मापक उतरवलं. लिंब उभा आहे, आणि तुमचा झोका त्याच फांदीला आहे.