शोभेची वांगी

टेलरमावशींच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. चाळीस वर्षं त्यांनी बायकांचे कपडे शिवले, पण "जरा सैल करून द्या ना" म्हणणारीला एकदाही गोड उत्तर दिलं नाही. तरी गिऱ्हाइकं तुटली नाहीत, कारण रंगांची जाण जबर. कुठल्या कापडाला कुठली किनार खुलेल, हे मावशी बसल्या जागेवरून सांगायच्या. मग हात थरथरू लागला आणि सुई ओवता येईना. दुकान बंद करून त्या मुलाच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला आल्या. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा उगवणारा. त्यामुळे घरात सासू आणि सून अशा दोघीच.

पहिलं वर्ष मावशींनी खिडकीशी बसून काढलं. जेवायला हाक मारली की म्हणायच्या, "भूक नाही." सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी आठला निघायची, संध्याकाळी परतायची, तोवर झाकून ठेवलेलं ताट तसंच.

दारासमोर मातीची एक अरुंद पट्टी होती. तिच्यात इमारतीच्या कमिटीची पाटी, "येथे फक्त शोभेची झाडे लावावीत." एक दिवस मावशी उठल्या, बियाणांच्या दुकानात गेल्या आणि नावं विचारायचं सोडून रंग विचारत बसल्या. जांभळं काय आहे? लालभडक काय? कुरळ्या पानांचं काही मिळेल का? दुकानदाराने डोकं खाजवत पुड्या काढून दिल्या.

मावशींनी गळ्यात टेप अडकवला, शिवणाच्या खडूने कडेच्या विटांवर खुणा केल्या आणि पट्टी बेतायला घेतली. मागे जांभळ्या वांग्यांची रांग, मधे भेंडी, कारण तिची पिवळी फुलं वांग्यावर उठून दिसणार. पुढे लेट्यूसची झालर. कडेला लाल देठांचं बीट आणि अगदी काठाला लाल माठ. मधेमधे उभ्या मिरच्या, बटणं म्हणून. माठाचं बी खसखशीएवढं असतं, एरवी ते ढिगाने एका जागी पडतं. मावशींच्या थरथरत्या हातातून मात्र ते सगळीकडे सारखं पसरलं. त्या हाताला त्यांनी वर्षभर शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून त्यांना बरं वाटलं.

आता यातलं काही खायचं नाही, हा मावशींचा कायदा. सूनबाईने एकदा चार मिरच्या मागितल्या, तर म्हणाल्या, "शिवलेल्या कपड्याची बटणं तोडून खातं का कुणी?" सूनबाई मुकाट्याने बाजारात गेली. तिला एकूणच पट्टीचा वैताग होता. मावशी चिखलाच्या पायांनी घरभर फिरायच्या आणि ती लॅबमधून येऊन फरशी पुसायची. मावशींनी मनाशी ठरवून टाकलं होतं की हिला आपली पट्टी डोळ्यांत खुपते.

चार महिन्यांनी कुणीतरी चुगली केली. कमिटीचं पत्र आलं: दर्शनी भागात भाजीपाला लावल्याची तक्रार आहे, रविवारी दहा वाजता पाहणी होईल, भाजीपाला आढळल्यास माती काढून फरशी बसवू. मावशी फणफणल्या, "भाजीपाला म्हणे! डोळे आहेत का काय?" पण दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी त्या चहा घेऊन दारात आल्या आणि कप हातातच राहिला. एक वांगं शिल्लक नव्हतं. मिरच्या गायब, भेंड्या फुलांसकट गायब, बीट उपटलेलं, लेट्यूस आणि माठ मुळापासून कापलेले. उरली होती नुसती हिरवी झुडपं. आणि त्यांच्यात उकिडवी बसलेली सूनबाई, शेजारी भाजीने भरलेली टोपली.

"हे काय केलंस गं!"

"भाजी काढून टाकली, आई. दिसलीच नाही तर काय आढळणार त्यांना?"

मावशींच्या जिभेवर जे आलं ते त्यांनी गिळलं. चाळीस वर्षांत प्रथमच. पोरगी अंधार असल्यापासून राबत होती आणि तिला खरंच वाटत होतं की आपण पट्टी वाचवली.

दहाला चेअरमन आले, मागे वही घेऊन सेक्रेटरीबाई. चेअरमन बराच वेळ बघत राहिले. "इथे काठाला लाल काहीतरी होतं ना?"

"नव्हतं," सूनबाई म्हणाली.

"होतं," मावशी म्हणाल्या आणि टोपली आणून पुढ्यात ठेवली. "हे बघा. सगळं खायचंच आहे. मी शोभेला लावलं होतं. खोटं बोलून पट्टी नको मला." सूनबाईने कपाळाला हात लावला.

चेअरमन वाकले, एक वांगं हातात घेऊन फिरवून पाहिलं. "रोज गाडी काढताना मी इथे दोन मिनिटं थांबायचो. लालच्या मागे ते जांभळं... वांगी आहेत हे डोक्यातच आलं नाही हो. आज कसं ओकंबोकं दिसतंय." मग सेक्रेटरीबाईंकडे वळले. "लिहा, शोभेची झाडे. पट्टी राहू द्या. आणि मावशी, ते लाल परत लावा."

ते गेल्यावर मावशींचा जीव भांड्यात पडला. आत येऊन पाहतात तर सूनबाई नळाखाली हात धरून उभी, नखांत माती रुतलेली. मावशींनी तिचे हात ओढून घेतले आणि साबण लावून चोळायला लागल्या.

"आई, मी धुते ना."

"गप्प उभी राहा. तुला तर पट्टी नको होती. मग पहाटे उठून कशाला मरायला गेलीस?"

"नकोच आहे. चिखल येतो घरात."

"मग?"

सूनबाई नळाकडे बघत म्हणाली, "पट्टीत काम करून आलात की तुम्ही 'भूक लागली' म्हणता."

मावशींना चाळीस वर्षांत कुणाचे आभार मानायची सवय नव्हती. "तू होतीस म्हणून गं पोरी," एवढंच त्या म्हणाल्या आणि दुसरा हात धुवायला घेतला.